फवारणीचीं औषधें आणि 'थोड्या' प्रमाणाचा प्रश्न

आपल्या सातारा व सांगली जिल्ह्यांतील शेतकरी पिकावर जें विष फवारतो, त्यास तो 'औषध' म्हणतो. दुकानदारही औषधच म्हणतो, आणि मजूरही "आज औषध मारायचें आहे" असेंच सांगून घरून निघतो. शब्द सोयीचा आहे व पिकापुरता तो खराही आहे; कारण केवडा, भुरी, करपा हे पिकाचे रोगच होत. परंतु एखाद्या वस्तूस एकदां औषध म्हटलें म्हणजे तिचें भय मनांतून उतरतें. मग थोडें अंगावर उडालें, थोडें विहिरींत झिरपलें, थोडें फळावर राहिलें, तर त्यानें काय होणार, असें वाटूं लागतें. या 'थोड्या'विषयीं शेतकरी बंधूंपुढें चार विचार मांडावे, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. फवारणीच्या द्रव्यांपैकीं कांहीं द्रव्यें मनुष्याच्या व जनावरांच्या शरीरांतील संप्रेरकांच्या कामांत ढवळाढवळ करितात. संप्रेरकांचें काम मुळांतच अत्यल्प प्रमाणावर चालतें. म्हणून अशा द्रव्यांपुरतें तरी 'प्रमाण थोडें आहे' हें उत्तर पुरेसें होत नाहीं. आणि या बाबतींत जी दक्षता आज परदेशीं जाणाऱ्या मालासाठीं घेतली जाते, तीच आपल्या घरच्या व पेठेच्या मालासाठींही घेतली गेली पाहिजे.

संप्रेरक म्हणजे काय, हें प्रथम पाहूं. मेंदूच्या तळाशीं, गळ्याशीं, मूत्रपिंडांवर, स्वादुपिंडांत, तसेंच स्त्रीच्या अंडाशयांत व पुरुषाच्या वृषणांत कांहीं ग्रंथि असतात. त्या आपला रस थेट रक्तांत सोडतात. त्या रसांतील द्रव्यें रक्ताबरोबर सर्व शरीरांत फिरतात, व ज्या अवयवासाठीं तीं निघालेलीं असतात त्यासच आज्ञा देतात. मूल किती वाढावें, वयांत केव्हां यावें, गर्भ राहावा किंवा कसें, अंगांतील उष्णता किती असावी, गर्भांतील बालकाचा मेंदू कसा घडावा, हें सर्व या आज्ञांवर चालतें.

आमची उमर महसूल खात्याच्या कागदांत गेली, म्हणून दृष्टांतही तेथलाच देतों. तहसील कचेरींतून दोन ओळींची चिठ्ठी निघते. कागदाचें वजन तें काय असणार? पण त्या चिठ्ठीनें तलाठी हलतो, कोतवाल हलतो, गांवची वसुली सुरू होते किंवा थांबते. जोर कागदाच्या वजनांत नसून हुकुमांत असतो. आतां कोणी त्याच अक्षराची खोटी चिठ्ठी पाठविली, किंवा खरी चिठ्ठी वाटेंत अडविली, अथवा चिठ्ठी लिहिणाऱ्या कारकुनाचाच हात धरला, तर कारभार बिघडण्यास गाडीभर कागद लागत नाहीं. हीं द्रव्यें शरीरांत हेंच तीन प्रकारें करितात. कांहीं संप्रेरकाची नक्कल करितात, कांहीं खऱ्या संप्रेरकाची जागा अडवून बसतात, व कांहीं तें तयार होण्याच्या किंवा त्याचा निचरा होण्याच्या क्रियेंतच बिघाड करितात. स्त्रीच्या रक्तांत जें इस्ट्रोजेन असतें तें किती म्हणाल, तर एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले असतां त्यांतले कांहीं दशक किंवा कांहीं शतक भाग एका लिटर रक्तांत सांपडतात. एवढ्यावर ज्याचा कारभार चालतो, तेथें 'थोडें' कशास म्हणावयाचें, याचा विचार निराळ्या मापानें करावा लागतो.

द्राक्षबागायतदारास ही गोष्ट नव्यानें शिकवावयास नको. तासगांव, मिरज, कवठेमहांकाळ, खानापूर, पलूस या भागांत गोडी छाटणीनंतर घड मोकळा व्हावा व मणी फुगावेत म्हणून जी.ए., म्हणजे जिबरेलिक आम्ल, वापरतात. तें वनस्पतींचें संप्रेरकच होय. दहा पी.पी.एम.चें द्रावण करावयाचें म्हणजे शंभर लिटर पाण्यांत अवघें एक ग्रॅम. त्या ग्रॅमभर भुकटीनें घडाचें रूप पालटतें. आणि प्रमाण वाढलें किंवा वेळ चुकली, तर देठ जाड व कडक होतो व मणी गळतात. दुसरा अनुभव त्याहून कडू आहे. शेजारच्या उंसांतील रुंद पानांचें तण मारण्यासाठीं कोणी टू-फोर-डी फवारतो. वाऱ्यानें त्याचा अंश बागेवर येतो, किंवा तोच पंप नीट न धुतां द्राक्षावर वापरला जातो, आणि कोवळीं पानें आखडून पंख्यासारखीं होतात. हें तणनाशकही वनस्पतींच्या संप्रेरकाची नक्कल करूनच तण मारितें. या कारणावरून बांधाबांधांवर तंटे होतात. त्या वेळीं ज्याची बाग गेली तो शेजाऱ्यास कधीं म्हणत नाहीं कीं, "तुझें औषध थोडेंच आलें होतें, सोडून देऊं."

येथें गैरसमज नको. जी.ए.नें माणसास हा अपाय होतो, असें आम्ही म्हणत नाहीं. वनस्पतींचीं संप्रेरकें निराळीं व प्राण्यांचीं निराळीं. दाखला प्रमाणाचा आहे. ग्रॅमभरानें बाग बदलते हें जो रोज पाहतो, त्यानें स्वतःच्या देहाविषयीं मात्र 'थोड्यानें काय होतें' असें म्हणावें, हें सुसंगत नाहीं.

आतां प्राण्यांचा दाखला घेऊं. माण-खटावच्या मेंढपाळास तो चटकन् समजेल. १९४० नंतरच्या वर्षांत पश्चिम ऑस्ट्रेलियांत एका जातीच्या घासावर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या. मेंढ्या दिसण्यांत धडधाकट, लोकर चांगली, चरणें चांगलें. पण कळप वाढेना. १९४६ सालीं बेनेट्स व त्यांचे सहकारी यांनीं हा प्रकार प्रसिद्ध केला. सबटेरेनियन क्लोव्हर नांवाच्या त्या घासांतच इस्ट्रोजेनासारखें काम करणारीं द्रव्यें होतीं. तीं मेंढीस मारीत नव्हतीं, लंगडीही करीत नव्हतीं. तिची वंशवृद्धि तेवढी थांबवीत होतीं. ज्यास रोग म्हणून दाखवावें असें अंगावर कांहीं नाहीं, आणि हानि मात्र पुढच्या पिढीची, हें या प्रकारच्या द्रव्यांचें मुख्य लक्षण आहे.

माणसाचा दाखलाही दूरचा नाहीं. केरळांतील कासरगोड जिल्ह्यांत काजूच्या सरकारी मळ्यांवर वीस वर्षांहून अधिक काळ हेलिकॉप्टरनें एन्डोसल्फान फवारलें जात होतें. तें २००० सालीं थांबलें. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेच्या संशोधकांनीं तेथील ११७ शाळकरी मुलगे तपासले व त्यांच्याशीं ताडून पाहण्यासाठीं फवारणी नसलेल्या गांवचे ९० मुलगे तपासले. फवारणीच्या गांवच्या मुलांत वयांत येण्याचीं लक्षणें त्यांच्या वयाच्या मानानें मागें पडलेलीं आढळलीं, व पुरुषी संप्रेरकाचें प्रमाणही कमी दिसलें. हा अभ्यास २००३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यावर आक्षेपही घेतले गेले; परंतु पुढें १३ मे २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें एन्डोसल्फानचें उत्पादन, विक्री व वापर देशभर थांबविला, आणि त्याच वर्षीं स्टॉकहोम कराराच्या यादींतही तें घातलें गेलें. आपल्याकडे तूर, कापूस व भाजीपाला यांवर हेंच एन्डोसल्फान वर्षानुवर्षें मारलें गेलें, हें वडीलधाऱ्या शेतकऱ्यांस आठवत असेल. आपल्या मुलांची अशी तपासणी झाली असती तर काय दिसलें असतें, याविषयीं आम्ही तर्क करणार नाहीं. कासरगोडास कोणीतरी मोजलें, एवढें मात्र खरें.

दुसरें उदाहरण आजचें आहे. मॅन्कोझेब हें बुरशीनाशक द्राक्ष, टोमॅटो, बटाटा, मिरची अशा अनेक पिकांवर चालतें. तें अंगांत गेल्यावर किंवा उन्हापावसानें कुजल्यावर त्यापासून इथिलिन थायोयुरिया नांवाचें द्रव्य होतें, व तें गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीच्या कामांत अडथळा आणतें. गर्भांतील बालकाच्या मेंदूची घडण पहिल्या महिन्यांत आईच्या याच ग्रंथीच्या रसावर अवलंबून असते, हें लक्षांत घेतलें म्हणजे प्रश्नाचें गांभीर्य कळेल. युरोपीय संघानें डिसेंबर २०२० मध्यें मॅन्कोझेबचा परवाना पुढें चालूं ठेवण्यास नकार दिला, व संप्रेरकांत बिघाड करणारें द्रव्य हेंही त्याचें एक कारण दिलें. आपल्या केंद्र सरकारनें मे २०२० मध्यें सत्तावीस द्रव्यांवर बंदी घालण्याचा जो मसुदा काढला, त्यांत मॅन्कोझेब होतें, कार्बेन्डाझिम होतें, उंसांत वापरलें जाणारें ॲट्राझिन व टू-फोर-डीही होतें. त्या यादींतील डायकोफॉल, डायनोकॅप व मेथोमिल यांवर २०२३ सालीं बंदी आली. मॅन्कोझेब आपल्याकडे अजून रीतसर विकलें जातें.

आतां पुड्यावरील त्रिकोण पाहा. लाल, पिवळा, निळा व हिरवा हे चार रंग १९७१ च्या नियमांनीं ठरलेले आहेत, व शेतकरी त्यांवरूनच औषधाची तीव्रता ओळखतो. परंतु तो रंग कशावरून ठरतो? एकाच वेळीं किती मात्रा पोटांत किंवा कातडीवर गेली असतां जनावर दगावतें, यावरून. म्हणजे त्रिकोण सांगतो तें एका दिवसाचें मरण. दहा वर्षें थोडें थोडें अंगांत गेलें तर काय होईल, गर्भवतीच्या अंगांत गेलें तर काय होईल, हें त्रिकोण सांगत नाहीं. मॅन्कोझेबसारख्या द्रव्यावर सौम्य रंगाचा त्रिकोण असतो, तो या हिशेबानें बरोबरच आहे. पण तो पाहून शेतकरी हातमोजे काढून ठेवतो व उघड्या हातानें टाकींत भुकटी कालवतो. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर फवारणी करतांना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यु पावले. तेव्हां सर्व राज्य जागें झालें, चौकशी झाली, मदत जाहीर झाली. तें योग्यच झालें. परंतु जी हानि दवाखान्यांत एका रात्रींत येत नाहीं, तिच्यासाठीं कोणी जागें होत नाहीं.

महसूल खात्याच्या नोकरींत आम्हीं गारपिटीचे, अवकाळीचे, पुराचे पंचनामे पुष्कळ लिहिले. पंचनाम्यास जागा लागते, दिवस लागतो, दिसणारें नुकसान लागतें. या हानीस यांपैकीं एकही गोष्ट नाहीं. औषध आज अंगांत गेलें; परिणाम दिसला तर तो पंधरा-वीस वर्षांनीं, आणि तोही दुसऱ्याच देहांत. अमेरिकेंत गर्भपात टळावा म्हणून गर्भिणींस डी.ई.एस. नांवाचें कृत्रिम इस्ट्रोजेन डॉक्टर देत असत. तें देतांना आया सुखरूप होत्या. १९७१ सालीं त्यांच्या तरुण झालेल्या मुलींत एका दुर्मिळ कर्करोगाचा उलगडा झाला, तेव्हां त्याचें मूळ त्या जुन्या औषधांत सांपडलें. तेथें मात्रा थोडी नव्हती, हें खरें. पण आईनें घेतलेल्या द्रव्याचा हिशेब मुलीच्या अंगावर निघतो, हें त्यावरून सिद्ध झालें.

याविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात ते आम्हांस ठाऊक आहेत, व ते खोटे नाहींत.

पहिला आक्षेप : फवारणी थांबविली तर बाग राहणार नाहीं. हें अगदीं खरें. गोडी छाटणीनंतर दोन दिवस धुकें पडलें व केवडा घडावर उतरला, म्हणजे वर्षाची कमाई डोळ्यांदेखत जाते, आणि सोसायटीचें व बँकेचें कर्ज मात्र राहतें. ज्यानें एकरीं लाखों रुपये बागेंत घातले, त्यास 'औषध मारूं नको' असा उपदेश घरीं बसून करणें हा अन्याय आहे. आम्ही तसें म्हणत नाहीं. कोणतें मारावें, कधीं मारावें, कोणीं मारावें व शेवटचें कधीं मारावें, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

दुसरा आक्षेप : शास्त्रज्ञांतच एकमत नाहीं. हेंही खरें. ॲट्राझिनचेंच पाहा. २००२ सालीं कॅलिफोर्नियांतील टायरन हेज यांनीं पाण्यांत अब्जांत एका भागाच्या दशांशाइतक्या अल्प प्रमाणांतही बेडकांच्या नरांत मादीचीं लक्षणें उमटतात असें प्रसिद्ध केलें. इतरांस तें तसें आढळलें नाहीं, व वाद चालूं राहिला. तसेंच गांवांत कोणास मूल नाहीं, कोणास थायरॉइड झाला, म्हणजे तो फवारणीमुळेंच, असें म्हणण्याचा अधिकार कोणास नाहीं. परंतु संशय शाबीत होईपर्यंत गर्भवतीनें औषध कालवीत राहावें, असा याचा अर्थ होत नाहीं. धरणाची भिंत खचेल कीं नाहीं यावर इंजिनियरांत वाद असला, तरी खालच्या गांवांस इशारा देतातच.

तिसरा आक्षेप : एवढें सूक्ष्म पाळणें शेतकऱ्यास शक्य नाहीं. यास उत्तर आपल्याच शेतकऱ्यांनीं देऊन ठेवलें आहे. खरड छाटणीनंतर काडींत घड धरावा म्हणून सी.सी.सी., म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, फवारण्याची चाल होती. २०१० सालीं त्याचे अंश युरोपांत आपल्या द्राक्षांत सांपडले, माल अडला व निर्यातदारांचें व बागायतदारांचें मोठें नुकसान झालें. महिन्यांपूर्वीं मारलेलें औषध काढणीच्या फळांत निघालें! त्यानंतर निर्यातीच्या बागायतदारानें किती शिस्त बसविली, हें सर्वांस ठाऊक आहे. त्याची बाग नोंदलेली असते, फवारणीची वही असते, काढणीपूर्वीं नमुना प्रयोगशाळेंत जातो. ज्या द्रव्यास तेथें स्वतंत्र मर्यादा ठरविलेली नाहीं, त्यास सामान्यतः किलोमागें मिलिग्रॅमचा शतांश, म्हणजे शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम, एवढीच मुभा असते. आणि आपला अल्पशिक्षित शेतकरीही ती पाळून दाखवितो. मग प्रश्न शक्तीचा राहत नाहीं.

प्रश्न उरतो तो असा : युरोपांतील मुलाच्या ताटांत जें फळ जातें त्याचा नमुना तपासावयाचा, आणि तासगांवच्या बाजारांत जो बेदाणा येतो, कऱ्हाडच्या मंडईंत जी वांगी येतात, सांगलीच्या पेठेंत जीं द्राक्षें पाटींत येतात, त्यांचा असा नियमानें तपास कां नसावा? तो माल आपलींच मुलें खातात. परक्याच्या पोटाची काळजी त्याच्या कायद्यानें आपणांकडून घेवविली. आपल्या पोटाची काळजी आपणच घेतली पाहिजे. सरकारनें घरच्या बाजारासाठींही अंशांच्या मर्यादा ठरविल्या आहेत. परंतु मर्यादा कागदावर असणें आणि दर हंगामांत नमुना निघणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

यासाठीं आमच्या सूचना पुढीलप्रमाणें आहेत. त्यांपैकीं बहुतेकांस सरकारच्या हुकुमाची वाट पाहावी लागत नाहीं.

(१) प्रत्येक बागायतदारानें व भाजीवाल्यानें फवारणीची वही ठेवावी : तारीख, गट नंबर, औषध, प्रमाण, मारणाऱ्याचें नांव व काढणीपूर्वीं सोडावयाचे दिवस. गांव नमुना बारामध्यें पीक लिहिलें जातें. त्या पिकावर काय पडलें, हें कोठेंच लिहिलें जात नाहीं. २०२१ पासून ई-पीक पाहणीनें शेतकरी स्वतःच्या मोबाइलवर पीक नोंदूं लागला आहे. जो पीक नोंदवितो तो फवारणीही नोंदवूं शकेल. आज जी वही ओझें वाटते, तीच उद्यां आरोग्याची चौकशी झाली तर एकमेव पुरावा ठरेल.

(२) आपल्या संघानें दर हंगामांत कांहीं गांवांतून घरच्या बाजारासाठीं निघणाऱ्या द्राक्षांचे, बेदाण्याचे व भाजीपाल्याचे नमुने स्वखर्चानें तपासून घ्यावे, व निकाल शेतकऱ्याचें नांव न घालतां याच मासिकांत छापावा. दोष उघडा करणें हा हेतु नसून आपणच आपलें माप घ्यावें हा हेतु आहे.

(३) गर्भवती व अंगावर पाजणारी स्त्री आणि मुलें यांस औषध कालविणें, फवारणें व फवारणीनंतर लगेच विरळणी किंवा डिपिंगसाठीं बागेंत जाणें यांतून वगळावें. बाई मजुरीवर असेल तर तो दिवस तिला दुसरें काम द्यावें. मजुरी कापूं नये. मजुरी कापली तर ती आपली अवस्था लपवून कामावर येईल.

(४) फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत भिजवूं नयेत, निराळे धुवावे. रिकामे डबे भोंक पाडून निकामी करावे. पाणी, तेल, धान्य ठेवण्यास ते घरांत येतां कामा नयेत. तणनाशकाचा पंप निराळा ठेवावा.

(५) ज्या बाटलीवर घटक लिहिलेले नाहींत असें 'टॉनिक' कोणी कितीही गोडीनें दिलें तरी घेऊं नये. पावतीशिवाय औषध घेऊं नये.

(६) दिवस मोजून फवारणी करण्याऐवजीं हवामान पाहून करावी. मांजरीचें राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र हवामानास धरून सल्ला देत असतें; तो गांवच्या फळ्यावर लिहिला जावा. बोर्डो मिश्रण, ट्रायकोडर्मा व बागेंतील मोकळी हवा यांनीं जेवढ्या फवारण्या वांचतील तेवढ्या वांचवाव्या.

(७) सरकारकडे मागणी एकच करावी : पुड्यावरील त्रिकोणाशेजारीं, हें द्रव्य संप्रेरकांत किंवा गर्भांत बिघाड करितें असा संशय असल्यास, तें मराठींत मोठ्या अक्षरांत लिहावें. निवड शेतकरी करील. पण त्यास माहिती तर मिळूं द्या.

शेतकऱ्यास दोष देण्यासाठीं हें लिहिलें नाहीं. औषध सर्वांत आधीं, सर्वांत जवळून व सर्वांत अधिक वेळां त्याच्याच अंगावर पडतें. खाणाऱ्याच्या वांट्यास त्याचा अंश येतो, तर मारणाऱ्याच्या वांट्यास टाकी येते. म्हणून ही मागणी शहरच्या गिऱ्हाइकानें करण्याच्या आधीं शेतकऱ्यानेंच केली पाहिजे. जमीन आपण मुलांच्या नांवें करून ठेवतों, बांध-विहिरीची वांटणी लिहून ठेवतों, कर्ज फेडून मरावें अशी इच्छा धरतों. त्याच मुलांच्या देहावर न लिहिलेलें कर्ज ठेवून जाऊं नये, एवढीच विनंति आहे. येत्या गोडी छाटणीपूर्वीं आपल्या संघाच्या सभेंत वरील दोन सूचना, वहीची व नमुन्यांची, ठरावरूपानें मांडाव्या, असें आम्ही सभासदांस सुचवितों.

— एक निवृत्त महसुली कारकून